चोविसावं पोट

चोविसावा माणूस ऐनवेळी आलाच नाही, म्हणून मास्तरांना बोलावणं आलं. एरवी शिंप्याचं कॉलेजच्या त्या इमारतीत काय काम? सोमवारी दुपारी दुकानातला फोन वाजला आणि मुलगी एका दमात म्हणाली, की बाबा, हातातलं आहे ते तसंच ठेवा आणि या, आणि बनियन जरा धड घाला. मास्तरांनी कोटाची अर्धी बाही मशीनवर तशीच सोडली. बायको समोर काजं करत बसली होती. ती म्हणाली, गिऱ्हाइकानं बोलावलं असतं तर तास लावला असतात. ते खरंच होतं, तेव्हा मास्तर चपला शोधायला लागले.

मुलगी दोन वर्षं पोटावर संशोधन करत होती. म्हणजे पोटात काय जातं त्यावर नव्हे, तर पोटाच्या स्नायूंवर. वजन उचलताना ते किती कामाला लागतात आणि नेमके कशामुळे लागतात, हा तिचा विषय. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. तो दिला की पलीकडच्या मोठ्या इस्पितळात तिची जागा ठरलेली होती. रोग्यांना उचलून ठेवणाऱ्या नर्सांना आणि वॉर्डबॉयना, कंबर न मोडता ओझं कसं उचलायचं, ते शिकवायची जागा. पण प्रबंध शुक्रवारी हवा म्हणजे हवाच. सोमवारपर्यंत थांबायला इस्पितळ काही मावशीचं घर नव्हतं.

मास्तरांना आपण जातो आहोत याचाच केवढा आनंद. हा माणूस जन्माचा चौकशीखोर. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही प्रश्न विचारणारा. आणि दोन वर्षं मुलगी घरी येऊन काय सांगायची, तर "बाबा, तुम्हाला नाही कळायचं." ती वाईट मनाने म्हणायची नाही, थकलेली असायची. पण ते वाक्य मास्तरांना लागायचं, आणि लागलं की ते दुसऱ्या दिवशी दुकानात उगाचच चांगल्या कापडाला नावं ठेवायचे.

खोली साधीच होती. एक पलंग, एक टेबल, लोखंडी वजनं भरलेला खोका, आणि शिलाई मशीनच्या झाकणाएवढी एक पेटी, जिच्यातून वायरी निघाल्या होत्या. मुलीने त्यांना बनियन वर धरायला सांगितला, खडूऐवजी पेनाने खुणा केल्या आणि रुपयाएवढ्या चिकट चकत्या पोटावर, बरगड्यांखाली आणि बाजूला चिकटवल्या. स्नायू काम करायला लागला की त्यात बारीकशी वीज खेळते, ती या चकत्यांना कळते आणि पडद्यावर रेघ थरथरते, असं तिने समजावलं. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात आपल्या पोटात वीज आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. मास्तर खोकले, रेघ उडाली. हसले, रेघ नाचली. मग ते मुद्दाम दोनदा खोकले. मुलगी म्हणाली, "बाबा, गप उभे राहा."

शेवटी तिने त्यांच्या कंबरेभोवती टेप गुंडाळला आणि टोकांना चिमटा लावला. टेप मास्तरांच्याच दुकानातला, पिवळा, एका टोकाला जरा विरलेला. पोट किती आत जातं, किती बाहेर येतं, तेही नोंदायचं म्हणून ही तिची स्वतःची युक्ती होती आणि तिच्या मॅडमनी त्याबद्दल तिची पाठ थोपटली होती.

खोका तीनदा उचलायचा होता. पहिल्यांदा आपला नेहमीसारखा. दुसऱ्यांदा बेंबी पाठीकडे ओढून, पोट आत घेऊन. तिसऱ्यांदा पोट आत न ओढता चोहोबाजूंनी कडक करून, जसं कोणी बुक्की मारणार हे दिसल्यावर आपण करतो तसं. मास्तरांनी तीनदा उचलला. पडद्यावर तीन रेघा उमटल्या. पहिली मवाळ, दुसरी जरा बरी, आणि तिसरी, बाजूच्या स्नायूची, अशी उसळली की वरच्या कडेला जाऊन टेकली.

मुलीच्या कपाळावर आठी आली. तिने चकत्या दाबून पाहिल्या, एक बदलली, पुन्हा उचलायला लावलं. पुन्हा तेच. मास्तरांनी खोका खाली ठेवला. त्यांनी विचारलं, काही रोगबिग आहे का? तसं नाही, ती म्हणाली, पण तेवीस जणांत असं एकाचंही आलेलं नाही. सगळ्यांची दुसरी आणि तिसरी रेघ जवळजवळ सारखी. तिचा निष्कर्षच तो होता: साध्या माणसाने पोट आत ओढलं काय आणि कडक केलं काय, फरक पडत नाही, तेव्हा सोपं आहे ते, म्हणजे आत ओढणंच, शिकवा. मग तुझं काय येतं, मास्तरांनी विचारलं. माझ्या तिन्ही वेगळ्या येतात, ती म्हणाली, सुरुवातीला मी स्वतःवरच करून पाहिलं होतं, पण मी रोज व्यायाम करते, मला सवय आहे. आणि मला, मास्तर म्हणाले, मला कुठली सवय? मी तर कात्रीपेक्षा जड काही उचलत नाही.

तिने घड्याळ बघितलं. "कुठेतरी वायर हलली असेल, बाबा. तुमचं आपण धरायला नको. तेवीसही चालतात."

धरायला नको. मास्तर बनियन खाली करून घरी आले. आपलं पोट वायर हलल्यामुळे वगळलं गेलं, ही गोष्ट त्यांना काही केल्या पचेना.

मंगळवारी सकाळी बेकरीवाला विजारीचं माप द्यायला आला. हा माणूस गोल गरगरीत, पण गडी रांगडा, पिठाची पोती एकट्याने फिरवणारा. आता मास्तरांची माप घ्यायची एक रीत होती. कंबर कधीही पहिली घ्यायची नाही. आधी उंची, मग मांडी, मग पायाचा घेर, तोवर गिऱ्हाइकाला धंद्याच्या गोष्टीत गुंतवायचं, आणि तो तावातावाने बोलत असताना टेप हळूच कंबरेवरून फिरवायचा. कारण टेप कंबरेला लागला की प्रत्येक माणूस श्वास चोरतो, पोट आत घेतो आणि पुढे महिनाभर विजार आवळते म्हणून शिंप्याच्या नावाने खडे फोडतो. हे मास्तरांना वस्तादाने पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं. त्यानंतर ते इतकं अंगवळणी पडलं की त्यांना त्याचा विचारसुद्धा करावा लागत नसे.

त्या दिवशी मात्र डोक्यात ती उसळणारी रेघ होती. मास्तरांनी तंद्रीत टेप सरळ कंबरेलाच लावला. बेकरीवाल्याचं पोट झटकन आत गेलं. मास्तर टेप धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, आता असं समजा की मी तुम्हाला बुक्की मारणार आहे, पोट कडक करा पाहू. बेकरीवाल्याला वाटलं मास्तरांचं काहीतरी बिनसलंय, पण भला माणूस, त्याने केलं. पोट कडक झालं खरं, पण आत ओढलेलंच राहिलं. मास्तरांनी बाजूला तळवा लावून पाहिला. तिथे काहीच हललं नाही. मग त्यांनी टेप काढून गळ्यात टाकला, पायाचा घेर घेतो म्हणाले, यंदा पीठ कसं येतंय विचारलं, आणि तो पिठाला शिव्या घालत असताना म्हणाले, हं, आता परत कडक करा. या वेळी बाजूच्या स्नायूने मास्तरांचा तळवा असा बाहेर ढकलला, जशी आतून कोणी कोपरखळी मारली.

बेकरीवाला गेल्यावर मास्तर बायकोकडे वळले. तीस वर्षांच्या संसारात या बाईने नवऱ्याला आपल्या कंबरेचं माप कधी घेऊ दिलं नव्हतं. स्वतःचं स्वतः घ्यायची आणि किती ते सांगायची नाही. टेप घेऊन नवरा उठला एवढं दिसलं मात्र, टेप लागायच्या आधीच तिने श्वास वर घेतला. मास्तर जागच्या जागी थांबले. "झालं माझं काम," ते म्हणाले. बायको म्हणाली, अहो, वेड लागलंय का तुम्हाला, आणि सुईत दोरा ओवायला लागली.

पण मास्तरांना वेडबिड काही लागलं नव्हतं. उलट सगळं लख्ख दिसत होतं. तेवीस जणांच्या कंबरेला टेप लावलेला. तेवीस जणांनी पोट आत घेतलेलं. वर मुलगी सांगते, आता आत ओढा. ते आधीच आत. मग सांगते, आता कडक करा. ते आत ओढलेलंच कडक करतात. रेघा सारख्या येणार नाहीत तर काय होणार? आणि ज्यांना टेपाचं काही वाटत नाही अशी माणसं जगात किती? एक ते स्वतः, ज्यांच्या गळ्यात तो दिवसभर असतो. आणि दुसरी त्यांची पोरगी. कापायच्या टेबलावर बसून वाढलेली, रांगत होती तेव्हापासून मास्तरांनी नवीन फ्रॉकची मापं घेत जिच्याभोवती हजार वेळा टेप गुंडाळला, ती. तिने युक्ती तपासून पाहिली ती स्वतःवर, आणि तिच्यावर ती चोख चालली. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर पहिल्याच दिवशी स्वतःचं पोट आत गेलेलं तिला कळलं असतं. ही चूक फक्त शिंप्याचीच मुलगी करू शकत होती.

मास्तरांना आधी इतका आनंद झाला की ते उभ्याउभ्या दुकानात दोन येरझाऱ्या घालून आले. आपल्याला कळलं होतं. ज्यातलं आपल्याला कळायचं नाही असं दोन वर्षं ऐकलं, त्यातलंच कळलं होतं. मग शुक्रवार आठवला आणि ते मशीनपुढच्या स्टुलावर बसले. हे सांगितलं की तेवीसच्या तेवीस माणसं बाद. दोन वर्षं पाण्यात. इस्पितळातली जागा दुसऱ्या कुणाची.

त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने सुई खाली ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाली की मला विचारू नका. बोलायचं तर बोला, गिळायचं तर गिळा, पण गिळून असं तोंड करून घरभर फिरू नका.

संध्याकाळी मुलगी आली ती हसतच. मॅडमनी निष्कर्ष वाचून छान म्हटलं होतं. इस्पितळातून फोन आला होता, की पहिल्या महिन्यात चाळीस वॉर्डबॉय आणि नर्सा तुमच्याकडे पाठवू. ती दोनदा वाढून घेऊन जेवली. कित्येक महिन्यांत अशी जेवली नव्हती. मास्तर तिच्याकडे पाहत राहिले आणि गप्प बसले. बुधवारीही गप्प बसले. मनाशी म्हणाले, कोण मरतंय याने? पोट आत ओढून ओझं उचललं तर काय आभाळ कोसळणार आहे? पण वस्तूचा खरेपणा एकदा हाताला लागला की तो हात झटकून जात नाही. बुधवारी दुपारी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या जाकिटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. बायकोने त्या न बोलता उसवल्या. त्या चाळीस जणांतला एकेक जण खोका नव्हे, हाडामांसाचा रोगी उचलणार होता, आणि आपल्या पोरीने सांगितलंय म्हणून तो चुकीचं उचलणार होता. मास्तरांना रात्रभर झोप लागली नाही.

गुरुवारी सकाळी मुलगी निघाली तेव्हा मास्तर चपला घालून तिच्याबरोबर निघाले. कोपऱ्यापर्यंत कापडाच्या भावाबद्दल बोलले. मग थांबून, तिच्याकडे न बघता, बेकरीवाल्यापासून सगळं सांगून टाकलं. मुलगी ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिने एकही प्रश्न विचारला नाही, कारण ती हुशार होती आणि अर्ध्या वाक्यातच तिला सगळं कळलं होतं. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज गुरुवार आहे, बाबा."

मास्तर म्हणाले, तू जेवत होतीस.  मुलगी भर रस्त्यात भडकली. दोन वर्षं गेली त्याचं मी बघून घेईन, ती म्हणाली, पण मंगळवारी कळलं असतं तर माझ्या हातात तीन दिवस होते, तुम्ही मला एक ठेवलात. आणि काल मी मॅडमसमोर छाती फुगवून बोलत होते तेव्हा तुम्ही दुकानात बसून हे जाणत होतात. मास्तरांनी ऐकून घेतलं. प्रत्येक शब्द वर्मी लागत होता आणि एकही खोटा नव्हता.

त्या दिवशी तिने इमारतीत हाताशी सापडतील ते जुन्या तेविसांतले पाच जण गोळा केले. टेप नाही. खुणा करायच्या, चकत्या लावायच्या, मग पाच मिनिटं नुसतं बसवून इकडचंतिकडचं बोलायचं आणि मग खोका. बोलायचं काम मास्तरांचं. त्यांनी माळ्याला झाडांच्या किडीबद्दल विचारलं, ग्रंथपालबाईंना न परतलेल्या पुस्तकांबद्दल, आणि एका तरुण पोऱ्याला त्याच्या विजारीचं शिवणकाम इतकं भिकार कोणी केलं हे विचारलं. पाचही जणांची तिसरी रेघ उसळली. पहिल्या माणसाच्या वेळी मुलीने पडद्यावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. तिसऱ्याच्या वेळी ती रागावलेली होती हेच विसरली. "बघा, बघा बाजूचा," ती कुजबुजली, "हा स्नायू दोन वर्षं माझ्यासमोर झोपून होता." मास्तरही वाकून बघत होते. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि दोघांनाही त्याचं भान नव्हतं. तेवढा तासभर कोणालाच शुक्रवार आठवला नाही.

शुक्रवारी ती मॅडमच्या खोलीत गेली. मास्तर बाहेर बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर माणसाच्या स्नायूंचं चित्र होतं, कातडी काढलेलं, आणि शिंप्याच्या सवयीने ते कुठून कुठे शिवण जाते हे बघत होते, पण डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दाराआडून मॅडमचा आवाज एकदा चढला. 

मुलगी बाहेर आली ती हातात कागद घेऊन. मास्तरांच्या शेजारी बसली. प्रबंध परत घेतला, ती म्हणाली. सहा महिने मिळालेत, सगळं पहिल्यापासून करायचं. इस्पितळाला तिने आतूनच फोन केला होता. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आभारही मानले, आणि सोमवारी यादीतल्या दुसऱ्या माणसाला बोलावतो म्हणाले.  मास्तरांच्या मनात आलं की आपण गप्प बसायला हवं होतं. दुसऱ्याच क्षणी असं मनात आलं याची त्यांना लाज वाटली.

तिने हातातला कागद त्यांच्यापुढे धरला. चूक कशी सापडली याची नोंद मॅडमनी लिहून मागितली होती, तिची ती प्रत. मास्तरांनी चष्मा लावला. चूक वडिलांच्या लक्षात आली, ते शिंपीकाम करतात, असं लिहिलेलं होतं. आपलं काम कॉलेजच्या कागदावर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्याच्या खाली दोन ओळी होत्या. लक्षात आली, मंगळवार. कळवली, गुरुवार.

मास्तरांनी त्या ओळींवर बोट ठेवलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "ते दोन दिवस लिहायलाच हवेत का गं?"

"हो," मुलगी म्हणाली. "जसं झालं तसं लिहायचं."

मास्तरांनी मान डोलावली. चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने उगाच पुसत बसले. जिन्यावरून कोणीतरी मुलं हसत खाली गेली. मुलगी कागदाची घडी घालत होती. घालता घालता थांबली.

"तुमच्या जागी मी असते ना, बाबा," ती म्हणाली, "मंगळवारी मला कळलं असतं, तर मी शनिवार उजाडेपर्यंत तोंड उघडलं नसतं. काल रात्रभर मी स्वतःला तुमच्या जागी ठेवून बघत होते, आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं."

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांनी तिचा हात हातात घेतला, आणि दोघं तिथेच बसून राहिली.